मोल म्हणजे नक्की काय? अगदी सुरुवातीपासून, पायरी पायरीने

केमिस्ट्रीचे पहिले काही धडे तसे बरे जातात, अणू, रेणू, संज्ञा, सूत्रं असं सगळं पाठ होतं, आणि मग मोल येतो आणि तिथे बऱ्याच जणांची गाडी जी अडकते ती पुढे द्रावणं, वायू, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सगळीकडे अडकतच राहते. माझ्या मते याचं कारण एकच, सूत्र आधी हातात पडतं आणि मोल ही मुळात नग मोजायची संख्या आहे ही गोष्ट मागे राहते. मोल हे वजन नाही, आकारमानही नाही. मोल म्हणजे ठरावीक नगांचा गठ्ठा. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं ना, तर बाकीचं सगळं गुणाकार-भागाकार आहे, खरंच.

हा लेख ज्यांनी मोल आत्ताच ऐकलाय किंवा आधी ऐकून सोडून दिलाय त्यांच्यासाठी आहे. कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, नुसतं वाचून हे जमत नाही.

पायरी १ : मोजायची गरजच का पडते

रासायनिक अभिक्रिया वजनाच्या हिशोबाने होत नाहीत, नगाच्या हिशोबाने होतात. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. इथे दोन, एक, दोन हे आकडे नगांचे आहेत, ग्रॅमचे नाहीत. पण आपल्या हातात काय असतं तर तराजू, आणि तराजू नग दाखवत नाही, ग्रॅम दाखवतो. म्हणजे निसर्ग मोजतो नगात आणि आपण मोजतो ग्रॅममध्ये, मधे पूल पाहिजे. तो पूल म्हणजे मोल.

समजा तुमच्याकडे नट आणि बोल्टचं मोठं पोतं आलंय आणि प्रत्येक बोल्टला एक नट लावायचाय. एक बोल्ट १२ ग्रॅमचा, एक नट ४ ग्रॅमचा. आता कुणी म्हणालं की १२ किलो बोल्ट आहेत तर नट पण १२ किलो घे, तर ते चुकलं ना, कारण १२ किलोत बोल्ट १००० येतात आणि नट ३०००. बरोबर जोड्या लावायच्या तर १२ किलो बोल्टला ४ किलो नट पाहिजेत. एकेक मोजत बसायची गरज नाही, एका नगाचं वजन माहीत असलं की वजनावरून संख्या काढता येते. अणू-रेणूंच्या बाबतीत आपण हेच करतो, फक्त तिथे एकेक नग मोजणं शक्यच नसतं म्हणून वजनावरून मोजण्याशिवाय इलाजच नाही.

पायरी २ : तो आकडा, आणि तो असा विचित्र का

१ मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ नग, म्हणजे १० चा २३ वा घात गुणिले ६.०२२. सलग लिहायचं तर ६०२२ लिहून पुढे २० शून्यं. सेकंदाला एक या वेगाने मोजत बसलं तर विश्वाचं आजवरचं वय, साधारण १३८० कोटी वर्षं, त्याच्या जवळपास १४ लाख पट वेळ लागेल. यालाच ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात.

आता सगळ्यांना पडणारा आणि बहुतेक ठिकाणी घाईत उरकला जाणारा प्रश्न, हाच आकडा का? सरळ १० चा २४ वा घात का नाही घेतला? इथे जरा थांबूया कारण मोलचं सगळं सौंदर्य इथेच आहे.

एका अणूचं वस्तुमान ग्रॅममध्ये लिहिणं म्हणजे वैताग, म्हणून शास्त्रज्ञांनी अणूंसाठी वेगळं छोटं एकक ठेवलं, यू. कार्बन-१२ या अणूचं (कार्बनच्या अणूंचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) वस्तुमान बरोब्बर १२ यू धरायचं आणि बाकी सगळ्यांचं त्याच्या तुलनेत. आवर्तसारणीत प्रत्येक मूलद्रव्याच्या चौकटीत जो दशांशवाला आकडा असतो, हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, ऑक्सिजन १५.९९९, सोडियम २२.९९, तो यातूनच आलेला. आता एका कार्बन-१२ अणूचं वस्तुमान ग्रॅममध्ये आहे साधारण १.९९२६ × १०^-२३. याला ६.०२२ × १०^२३ ने गुणून बघा. घातांक एकमेकांना खाऊन टाकतात, उरतं १.९९२६ गुणिले ६.०२२, उत्तर येतं १२.००. म्हणजे एक अणू १२ यू, आणि १ मोल अणू १२ ग्रॅम. आकडा तोच राहिला, फक्त यू च्या जागी ग्रॅम आलं.

हे योगायोगाने झालेलं नाही, तो आकडा मुळात असाच निवडलाय की अणूच्या जगातला आकडा जसाच्या तसा तराजूवर वाचता यावा. १० चा २४ वा घात घेतला असता तर आवर्तसारणीतल्या प्रत्येक आकड्याला दरवेळी १.६६ ने गुणत बसावं लागलं असतं. त्यामुळे हा आकडा दिसायला ओबडधोबड असला तरी वापरायला सगळ्यात सोयीचा आहे, आणि गंमत म्हणजे रोजच्या बहुतेक गणितांत तो आकडा वापरावाच लागत नाही, ते पुढे दिसेलच.

थोडा इतिहास, पटकन. आमेदेओ ॲव्होगॅड्रो या इटालियन शास्त्रज्ञाने १८११ मध्ये मांडलं की सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. पण हा अंक त्याने काढलेला नाही, बरेच जण तसं समजतात. रेणूंच्या आकाराचा पहिला बऱ्यापैकी अंदाज १८६५ मध्ये लोश्मिट यांनी केला, त्यावरून संख्येचा अंदाज बांधता आला, आणि ॲव्होगॅड्रोचं नाव या अंकाला देण्याचं १९०९ मध्ये ज्याँ पेराँ यांनी सुचवलं, त्यांनाच पुढे १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७१ मध्ये मोल एसआय पद्धतीचं, म्हणजे एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचं, मूलभूत एकक झालं, तेव्हा व्याख्या होती १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके नग. २० मे २०१९ पासून व्याख्या उलट बाजूने केली गेली, आता आकडाच कायमचा ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ × १०^२३, बरोब्बर. जुन्या पुस्तकात कार्बनवाली व्याख्या दिसली तर गोंधळू नका, गणितात काहीही फरक पडत नाही, फरक आहे तो इतक्या पुढच्या दशांश स्थळाला की आपल्या तराजूला तो कळणारसुद्धा नाही.

पायरी ३ : कशाचा मोल, हे आधी विचारा

हा प्रश्न विचारायची सवय लावून घेतली तर निम्म्या चुका होतच नाहीत. "१ मोल ऑक्सिजन" हे अर्धवट वाक्य आहे. ऑक्सिजनचे अणू की रेणू? १ मोल अणू असतील तर १६ ग्रॅम, आणि हवेतला ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या जोडीने असतो म्हणून १ मोल रेणू म्हणजे ३२ ग्रॅम. दुप्पट फरक पडला, आणि तोही सूत्र अगदी बरोबर वापरून. म्हणजे समोर ८ ग्रॅम ऑक्सिजन वायू असेल तर त्यात ०.२५ मोल रेणू आहेत आणि ०.५ मोल अणू आहेत, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न काय विचारलाय त्यावर ठरतं. गणितात नुसतं "ऑक्सिजन वायू" लिहिलं असेल तर रेणूच धरायचे. हायड्रोजन, नायट्रोजन, क्लोरीन यांचंही तसंच.

मिठाचं आणखी वेगळं. सोडियम क्लोराइडमध्ये रेणू नसतातच, सोडियम आणि क्लोराइड आयनांची (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) लांबच लांब रचना असते, म्हणून तिथे १ मोल म्हणजे सूत्रात लिहिलेल्या जोडीचा १ मोल. ते पाण्यात विरघळलं की १ मोल सोडियम आयन आणि १ मोल क्लोराइड आयन सुटे होतात, म्हणजे आयन धरले तर एकूण २ मोल. पुढे कधी गोठणबिंदू कमी होण्याचं गणित आलं की हा २ फार महत्त्वाचा ठरतो.

पायरी ४ : एका मोलचं वजन काढा

याला मोलर मास म्हणतात, एकक ग्रॅम प्रति मोल. सूत्रात जे जे अणू आहेत त्यांचे आवर्तसारणीतले आकडे घ्या, जितके अणू तितक्यांनी गुणा, बेरीज करा. पाण्यात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, २ गुणिले १.००८ अधिक १५.९९९, झाले १८.०१५. मीठ २२.९९ अधिक ३५.४५, झाले ५८.४४. साखर, म्हणजे सुक्रोज, त्यात १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन असतात, बेरीज साधारण ३४२.३ येते. ही तिसरी बेरीज स्वतः करून बघा, हात बसतो.

कंस असलेल्या सूत्रात लोक हमखास गडबडतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये एक कॅल्शियम आणि कंसातला ओएच गट दोनदा, म्हणजे ऑक्सिजन पण दोन आणि हायड्रोजन पण दोन. कंसाबाहेरचा २ कंसातल्या प्रत्येकाला लागतो, फक्त शेवटच्याला नाही.

मोलर मास म्हणजे "किती जड" आणि मोल म्हणजे "किती नग", या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नीट दिसावं म्हणून एक छान उदाहरण आहे. १ मोल ॲल्युमिनियम म्हणजे सुमारे २७ ग्रॅम आणि १ मोल सोनं म्हणजे सुमारे १९७ ग्रॅम, सात पटीहून जास्त फरक. पण दोघांची घनता घेऊन आकारमान काढलं तर ॲल्युमिनियमचं येतं जवळपास १०.० घन सेंटीमीटर आणि सोन्याचं १०.२. म्हणजे दोन तुकडे शेजारी ठेवले तर आकाराने जवळपास सारखेच दिसतील, दोन्हींत अणूही तितकेच, फक्त उचलताना हाताला फरक कळेल. अणूंची संख्या सारखी आहे आणि या दोघांचे अणू साधारण सारख्याच आकाराचे आहेत, वजन मात्र अणूच्या केंद्रकात भरलेलं असतं म्हणून असं होतं. मला हे उदाहरण फार आवडतं कारण मोल म्हणजे वजन हा गैरसमज यात एका झटक्यात निघून जातो.

पायरी ५ : ग्रॅमवरून मोल, मोलवरून नग

ग्रॅम भागिले मोलर मास म्हणजे मोल. मोल गुणिले मोलर मास म्हणजे ग्रॅम. मोल गुणिले ६.०२२ × १०^२३ म्हणजे नग. बस, तीनच गोष्टी, आणि कधी भागायचं कधी गुणायचं हे विसरलात तर एकक बघा, ग्रॅमला ग्रॅम प्रति मोलने भागलं तर ग्रॅम कटतं आणि मोल उरतं. एकक जुळलं नाही म्हणजे कुठेतरी उलटं झालंय.

१८० ग्रॅम पाणी घ्या. १८ ने भागा, १० मोल. प्रत्येक रेणूत तीन अणू म्हणून अणू ३० मोल, त्यातले २० मोल हायड्रोजनचे, १० मोल ऑक्सिजनचे. आता एक थेंब बघू, साधारण ०.०५ मिलिलिटर म्हणजे ०.०५ ग्रॅम. १८ ने भागलं तर ०.००२७८ मोल, ऐकायला काहीच नाही. पण त्याला ॲव्होगॅड्रो अंकाने गुणलं तर १.६७ × १०^२१ रेणू. एका थेंबात!

कॅल्क्युलेटरबद्दल एक सांगतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर घातांकासाठी जे बटण असतं, काहींवर ईएक्सपी लिहिलेलं असतं, त्या बटणातच "गुणिले १० चा घात" धरलेलं असतं. म्हणून ६.०२२ टाका, ते बटण दाबा, २३ टाका. मधे स्वतःहून गुणिले १० टाकलं की उत्तर दहा पट मोठं येतं आणि चूक शोधायला जीव जातो, कारण बाकी सगळे अंक बरोबर दिसत असतात, फक्त घात एकने वाढलेला. भागाकार करताना तर त्या अख्ख्या संख्येला कंस घाला किंवा हेच बटण वापरा.

आणि उत्तर आलं की एकदा नजर टाका. रेणूंची संख्या १० च्या ऋण घातात आली किंवा हातात मावणाऱ्या वस्तूचे लाखभर मोल आले तर नक्की काहीतरी उलटं झालंय.

पायरी ६ : अभिक्रियेत वापरा, मोल इथेच खरा कामाला येतो

समीकरण आधी संतुलित करा, त्याशिवाय पुढे जाऊच नका. मग क्रम कायम एकच, ग्रॅमचे मोल करा, समीकरणातल्या गुणोत्तराने दुसऱ्या पदार्थाचे मोल काढा, मग परत ग्रॅम. ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारायची नाही.

मॅग्नेशियमची फीत जाळली की पांढरा भगभगीत उजेड पडतो आणि पांढरी राख उरते, ती मॅग्नेशियम ऑक्साइड. समीकरण असं : २ मॅग्नेशियम + १ ऑक्सिजन रेणू → २ मॅग्नेशियम ऑक्साइड. मॅग्नेशियम २.४३ ग्रॅम घेतलं, मोलर मास २४.३, म्हणजे ०.१ मोल. गुणोत्तर दोनास दोन, म्हणून ऑक्साइडही ०.१ मोल, त्याचा मोलर मास ४०.३, म्हणजे ४.०३ ग्रॅम राख. ऑक्सिजन निम्मा लागतो, ०.०५ मोल, म्हणजे १.६ ग्रॅम. आता २.४३ आणि १.६ ची बेरीज करा, ४.०३. जुळलं! ही बेरीज दरवेळी करा, वस्तुमान कुठे गायब होत नाही त्यामुळे ती जुळलीच पाहिजे, फुकटात मिळणारी पडताळणी आहे ही.

मग येतो कमी पडणारा पदार्थ, ज्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया, १ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया, सगळे रेणू. तुमच्याकडे २८ ग्रॅम नायट्रोजन आहे आणि ३ ग्रॅम हायड्रोजन. नायट्रोजन १ मोल झाला, हायड्रोजन ३ भागिले २ म्हणजे १.५ मोल. आता पटकन बघितलं तर वाटतं हायड्रोजनचे मोल जास्त आहेत म्हणजे नायट्रोजन आधी संपेल. नाही. १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो आणि आपल्याकडे त्याच्या निम्माच, १.५ मोल आहे, म्हणून हायड्रोजन आधी संपणार. नुसते मोल बघून चालत नाही, गरज किती आणि आहे किती हे बघायचं, सोपी युक्ती म्हणजे प्रत्येकाच्या मोलला समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागा, ज्याचं उत्तर लहान तो आधी संपतो. इथे नायट्रोजन १ भागिले १ म्हणजे १, हायड्रोजन १.५ भागिले ३ म्हणजे ०.५. मग अमोनिया १ मोल, १७ ग्रॅम, आणि नायट्रोजन अर्धा मोल म्हणजे १४ ग्रॅम तसाच उरतो. १७ अधिक १४, ३१, सुरुवातीलाही ३१ च होते. प्रत्यक्षात ही अभिक्रिया पूर्ण होत नाही, समतोलाला (जितका अमोनिया बनतो तितकाच परत फुटतो अशा स्थितीला) जाऊन थांबते, त्यामुळे हे उत्तर म्हणजे जास्तीत जास्त किती मिळू शकेल ते समजायचं.

पायरी ७ : वायू आणि द्रावण

वायूला तराजूवर ठेवणं कटकटीचं असतं म्हणून आकारमानावरून मोल काढतात. ० अंश सेल्सियस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला कुठल्याही आदर्श वायूचा १ मोल सुमारे २२.४ लिटर जागा घेतो. दाब १ बार धरला तर २२.७ लिटर, नवीन पुस्तकांत हा आकडा दिसतो, दोन्ही बरोबर आहेत, फक्त गणितात कुठली परिस्थिती दिलीय ते वाचा. आणि हे फक्त वायूलाच, पाण्याच्या १ मोलला २२.४ लिटर लावू नका, पातळ पाण्याचा १ मोल जेमतेम १८ मिलिलिटर असतो.

द्रावणात मोलॅरिटी म्हणजे १ लिटर द्रावणात किती मोल. ०.१ मोलरचं मिठाचं द्रावण अर्धा लिटर बनवायचंय तर ०.१ गुणिले ०.५ म्हणजे ०.०५ मोल, गुणिले ५८.४४ म्हणजे २.९२ ग्रॅम मीठ. हे मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग पाणी घालत घालत ५०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आणायचं. ५०० मिलिलिटर पाणी मोजून त्यात मीठ टाकायचं नाही, कारण व्याख्येत लिटर आहे ते द्रावणाचं आहे, पाण्याचं नाही.

आता एक गणित तुम्ही करा

२५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भरपूर तापवलं, त्याचं पूर्ण विघटन होऊन कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड झाले, एकास एक एक. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ धरा. किती ग्रॅम ऑक्साइड उरेल आणि ० अंश, १ ॲटमॉस्फिअरला किती लिटर वायू मिळेल? खालचं उत्तर झाकून ठेवा आणि वरच्याच क्रमाने जा.

कार्बोनेटचा मोलर मास १००, म्हणून ०.२५ मोल. ऑक्साइड ०.२५ मोल गुणिले ५६, १४ ग्रॅम. वायू पण ०.२५ मोल, म्हणजे ५.६ लिटर, आणि वजनात ०.२५ गुणिले ४४ म्हणजे ११ ग्रॅम. १४ आणि ११ मिळून २५. तुमची बेरीज जुळली नसेल तर आधी कार्बोनेटमधले तीन ऑक्सिजन मोजलेत का ते बघा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.